औषध कोणाचे?

गोळ्यांची पट्टी हाती आली की आपण तिच्यावरच्या दोनच गोष्टी वाचतो. मुदत केव्हा संपते आणि किंमत किती. बाकीचा मजकूर इतक्या बारीक अक्षरांत असतो की तो वाचण्याची तसदी आपण घेत नाही. त्यात औषधाचे नाव असते, कंपनीचे नाव आणि कारखान्याचा पत्ता असतो, बॅच नंबर असतो. हे औषध मुळात कोणी शोधले, कोणी ते प्रथम काचेच्या चंबूत तयार केले, कोणाच्या शरीरावर ते तपासले गेले, याविषयी पट्टीवर एक अक्षर नसते. कायद्याने ते छापणे आवश्यकही नाही. परंतु कायद्याला जो प्रश्न पडत नाही तो नीतीला पडू शकतो. औषध कोणाचे? शोधणाऱ्याचे, बनविणाऱ्याचे, त्यात पैसा घालणाऱ्याचे, की ज्याला त्याची गरज आहे त्याचे?

मुंबईत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. लालबागहून दादरकडे चालत निघालो तर तासाभरात केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये आणि हाफकिन संस्था मागे पडतात. थोडे पुढे माटुंग्याला रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. औषध शोधणारे, बनवायला शिकविणारे, देणारे आणि घेणारे असे सारेच लोक या एवढ्याशा टापूत वावरतात. टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फूटपाथवर कोकणातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबे पथारी टाकून राहतात. डोंगरी, नागपाडा, गोवंडीतली आपली माणसेही त्याच रांगांत उभी असतात. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात आणि दुकानदाराला हलक्या आवाजात सांगितले जाते, "सध्या चारच दिवसांच्या द्या." हे वाक्य ज्याने कधी ऐकले असेल त्याला औषधाची मालकी हा विषय आपल्या घरचा वाटल्याशिवाय राहणार नाही.

प्रथम प्रयोगशाळेत जाऊ. माटुंग्याच्या संस्थेचा जन्म १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून झाला. जुनी माणसे तिला अजूनही यूडीसीटी म्हणतात. २००८ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. पुढे मोठी औषध कंपनी उभी करणारे अंजी रेड्डी येथेच औषधनिर्माणशास्त्र शिकले. अशा विद्यापीठीय प्रयोगशाळांतून औषधी रसायनशास्त्राचे काम चालते ते बाहेरच्या माणसाला फारसे नाट्यमय वाटणार नाही. रोगजंतूच्या किंवा शरीरातल्या एखाद्या प्रथिनाला चिकटून बसेल असा रेणू मार्गदर्शक प्राध्यापक कागदावर आखतात. संशोधक विद्यार्थी तो प्रत्यक्षात घडवू पाहतो. एक पदार्थ दुसऱ्यात मिसळायचा, रात्रभर उकळू द्यायचा, सकाळी काय तयार झाले ते पाहायचे, नको असलेले वेगळे करायचे आणि पुन्हा पुढची पायरी. आठ-दहा पायऱ्यांनंतर चिमूटभर पांढरी पूड हाती येते. ती तपासणीला जाते आणि बहुतेक वेळा उत्तर येते की हिचा उपयोग नाही. मग रेणूच्या एका टोकाला थोडा बदल करून सारे पुन्हा सुरू होते. यात चार-पाच वर्षे जातात. घरी आई विचारते, "शिक्षण संपणार तरी कधी?" आणि छात्रवृत्तीचा हप्ता अडकलेला असतो.

या विद्यार्थ्याभोवती आणखी माणसे असतात. तीव्र आम्लांनी डागाळलेली काचेची भांडी धुणारा परिचर असतो. त्याने एक चंबू नीट धुतला नाही तर महिन्याचा निष्कर्ष चुकू शकतो. द्रावणांचे डबे सांभाळणारा भांडारपाल असतो, उंदरांच्या पिंजऱ्यांची निगा राखणारा माणूस असतो. ज्यांची कोणी संमती विचारलेली नाही असे ते उंदीरही असतात. शोधनिबंधावर प्राध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे नाव येते. परिचराचे नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीत आले तर आले. आणि ज्यांच्या कराच्या पैशांतून वीज, पगार व छात्रवृत्त्या निघाल्या त्यांचे नाव येण्याचा प्रश्नच नसतो. काडेपेटी घेतानाही कर भरणारा माणूस प्रयोगशाळेचा एक आश्रयदाता आहे, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

फसलेल्या रेणूंचे काय, हाही विचार करायला हवा. अमेरिकेत डेट्रॉइट येथे जेरोम हॉरविट्झ नावाचे रसायनशास्त्रज्ञ कर्करोगावर औषध शोधत होते. १९६४ साली त्यांनी एझेडटी नावाचा रेणू तयार केला. कर्करोगावर तो निरुपयोगी ठरला. त्यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही. त्याच मालिकेतला आणखी एक रेणूही असाच बाजूला पडला. सुमारे वीस वर्षांनी एड्सचा विषाणू जगापुढे आला आणि १९८७ साली एझेडटी हेच त्या रोगावरचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. बाजूला पडलेला दुसरा रेणू पुढे स्टॅव्हुडीन या नावाने औषध झाला. तो विषाणूवर चालतो हे येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम प्रूसॉफ आणि त्यांचे सहकारी ताई-शुन लिन यांनी दाखविले. विद्यापीठाने त्या उपयोगाचे पेटंट घेतले आणि ते एका बड्या कंपनीला वापरावयास दिले. मग हे औषध कोणाचे म्हणायचे? रेणू घडविणाऱ्याचे, त्याचा उपयोग ओळखणाऱ्यांचे, विद्यापीठाचे, की कंपनीचे? प्रत्येकाचा काही हक्क आहे हे कबूल करावे लागते आणि कोणाचाही हक्क पुरा नाही हेही.

आता परळला परत येऊ. १८९६ साली मांडवीत प्लेगचा उद्रेक झाला आणि बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. वॉल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा एवढ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार करण्यास घेतली. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई होते असे सांगतात. तीन महिन्यांच्या त्या कामात एका साहाय्यकाचे मानसिक संतुलन ढासळले आणि दोघे काम सोडून गेले, अशीही नोंद सापडते. प्लेगचे जिवंत जंतू ज्या खोलीत वाढविले जात होते तिथे दररोज झाडलोट करावयास जायचे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकतो. सोडून गेलेल्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. राहिलेल्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक असायला हवी होती. ती कोणाच्याच ओठांवर नाहीत.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली गेली आणि न टोचलेल्या कैद्यांशी तुलना केली गेली. टोचून घेतलेल्यांत आजार आणि मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. पुढे तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आपल्या जमातीला तसे करण्यास सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुसरू लॉज हा बंगलाही दिला. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले.

या कथेत शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग केला, आगाखानांनी स्वेच्छेने हात पुढे केला आणि कैद्यांनीही हात पुढे केला. तीन हात सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. पहिल्या दोघांना नाही म्हणण्याचे पुरे स्वातंत्र्य होते. ज्याच्या कोठडीत प्लेग शिरला आहे आणि जो दाराबाहेर जाऊ शकत नाही, त्याच्या होकाराला आपण कितपत होकार म्हणायचे? आम्ही हाफकिन यांना दोष देत नाही. त्यांनी स्वतः जे सोसले तेच इतरांना सोसावयास सांगितले, आणि त्या लसीने पुढे असंख्य माणसे वाचली. तरीही ज्या कैद्यांच्या दंडावर हे ज्ञान सिद्ध झाले त्यांचे ऋण उरतेच. चांगला परिणाम झाला म्हणून ते फिटत नाही.

जसे श्रेय एका नावावर गोळा होते तसा दोषही एका नावावर लादला जातो. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मलकवाल या गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली परळची होती, म्हणून दोष परळचा आणि अर्थात हाफकिन यांचा, असे सरकारने ठरविले. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना तिथल्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट चौकशीत येऊनही दुर्लक्षित राहिली. रोनाल्ड रॉस यांच्यासह नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहिले तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. औषध अनेकांच्या हातून घडते हे आपण मान्य केले असते तर चौकशीने सर्व हातांकडे पाहिले असते. एकाला देव मानणारी आणि त्यालाच गुन्हेगार ठरविणारी दृष्टी एकच असते.

प्रयोगशाळेच्याही आधीची माणसे असतात. सर्पगंधेची मुळी रानातून खणून आणणारे आणि तिचा गुण ओळखणारे वैद्य-हकीम शतकानुशतके होते. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने संशोधन सुरू झाले. तिथे सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ साली या मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली. त्यांतल्या एकाला त्यांनी अजमलीन हे नाव दिले. हकीमसाहेब तोवर हयात नव्हते. आपल्या शोधाला स्वतःचे नाव न देता ज्याने वाट दाखविली त्याचे नाव देणे, ही कृतज्ञतेची साधी रीत झाली. पुढे परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा परिणाम तपासला आणि १९४९ साली तो ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हापासून जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली एका स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. जंगलातला मुळ्या खणणारा, दिल्लीचे हकीम, अलीगढमध्ये शिकलेला रसायनशास्त्रज्ञ, मुंबईचे पारशी डॉक्टर, त्यांचे ५० रुग्ण आणि स्वित्झर्लंडची प्रयोगशाळा, अशी ही साखळी आहे. यातली एक कडी काढली तर औषध उरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. असे सर्वांचेच ऋण मोजत बसलो तर शोधणाऱ्याला काय उरले? नवे औषध शोधायला प्रचंड पैसा लागतो. शेकडो प्रयत्न फसतात, तेव्हा एक साधतो. फसलेल्यांचा खर्चही साधलेल्यातूनच निघायला हवा. पेटंटचे संरक्षण नसेल तर उद्या पैसा कोण घालील आणि परवाचे औषध कुठून येईल? रसायनशास्त्रज्ञाने वीस वर्षे डोळे आणि फुप्फुसे झिजवावीत आणि इतरांनी पुण्य कमवावे, हाही न्याय नव्हे. कष्टाचा मोबदला हा कष्ट करणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो बुडविणे हा जुलूम आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले आहे.

आक्षेप मान्य करूनही एक भेद सांगावा लागतो. मोबदला आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समाजाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी, कारण वक्फ ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. वक्फच्या मिळकतीची देखभाल मुतवल्ली करतो. त्या कामाचे त्याला मानधन मिळावे, त्याची मेहनत फुकट जाऊ नये, हे सर्वांना मंजूर असते. पण मिळकत त्याची होत नाही. ती ज्यांच्यासाठी ठेवलेली आहे त्यांना तो दारातून हाकलून देऊ लागला तर आपण त्याला मालक म्हणत नाही, खयानत करणारा म्हणतो. औषधाच्या बाबतीत विद्यापीठ काय आणि कंपनी काय, दोघांची जागा मुतवल्लीची आहे असे आम्हांला वाटते. पेटंटलाही वीस वर्षांची मुदत असते. ती संपली की औषध सर्वांचे होते. म्हणजे हा हक्क समाजाने काही काळासाठी आणि काही अटींवर दिलेला आहे, हे कायद्यालाही ठाऊक आहे.

हे केवळ बोलण्याचे तत्त्व आहे काय? नाही. ते वागण्यातही आलेले आहे, आणि आपल्याच शहरात. ख्वाजा अब्दुल हमीद हे अलीगढचे. गांधीजींच्या हाकेसरशी त्यांनी सरकारी शिक्षण सोडले. हकीम अजमल खान ज्या जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती होते, तिच्या उभारणीच्या दिवसांत हमीद तिथे रसायनशास्त्र शिकवीत होते. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १९३५ साली मुंबई सेंट्रलला सिप्ला ही प्रयोगशाळा-कंपनी काढली. १९३९ साली गांधीजी ती पाहून गेले. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९६० साली कंपनीत आले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मालकी न देता तो बनविण्याच्या पद्धतीवरच पेटंट देण्याचे ठरविले. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनविण्याची मुभा भारतीय रसायनशास्त्रज्ञांना मिळाली आणि त्यांनी ती वापरली.

फेब्रुवारी २००१ मध्ये युसूफ हमीद यांनी जाहीर केले की एड्सवरची तीन औषधे मिळून एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला देऊ. तोवर हाच खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत लाखो माणसे मरत होती आणि औषध कपाटात होते. या तिघांतले एक औषध स्टॅव्हुडीन होते, डेट्रॉइटला बाजूला पडलेले आणि येलने पेटंट घेतलेले. त्याच सुमारास येलचे विद्यार्थी आपल्या विद्यापीठाला विचारू लागले की आपल्या प्रयोगशाळेतले औषध दक्षिण आफ्रिकेतल्या गरिबाला का मिळू नये? विद्यापीठाला त्या औषधापोटी दरवर्षी कोट्यवधी डॉलर मिळत होते. वृद्ध प्रूसॉफ यांनी उघडपणे विद्यार्थ्यांची बाजू घेतली. मार्च २००१ मध्ये कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा आग्रह सोडला. प्रयोगशाळेतल्या माणसांनी आवाज उठविला तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

सिप्ला ही धर्मादाय संस्था नव्हती आणि नाही. ती नफा कमावते. पण नफा आणि माणुसकी यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, एवढे त्या वर्षी दिसले. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधाच्या रेणूवरही पेटंट मिळू लागले. तरी जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नव्याने मालकी सांगता येणार नाही, अशी अट कायद्यात ठेवली गेली. याच अटीवर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची रक्ताच्या कर्करोगावरील औषधाबाबतची मागणी फेटाळली. कंपनीचे औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे आणि भारतीय कंपन्यांचे ८ ते १० हजारांना. टाटा रुग्णालयाच्या फूटपाथवरच्या माणसाला या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही.

मग ऋण फेडायचे कसे? भायखळ्याच्या त्या कैद्यांना आता काही देता येत नाही. व्हरांड्यातल्या शिपायांना नाही, वकिलांच्या ५० रुग्णांना नाही. त्यांच्याकडून जे घेतले ते पुढच्या आजाऱ्यालाच देता येते. म्हणून औषधाची किंमत हा केवळ बाजाराचा विषय राहत नाही. ज्यांच्या देहावर औषध सिद्ध झाले त्यांच्यासारख्याच माणसांना ते परवडत नसेल, तर आपण पूर्वीच्यांचे कर्ज बुडवीत आहोत.

यात आपला वाटाही आहे. आपल्या घरांतली मुले-मुली आज मोठ्या संख्येने औषधनिर्माणशास्त्राकडे आणि रसायनशास्त्राकडे वळत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना पगाराचा आकडा विचारताना हेही विचारावे की तू जे बनविशील ते कोणाला मिळेल? रुग्णालयात एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीचा कागद सहीसाठी पुढे आला तर भीतीने पळू नये आणि न वाचता अंगठाही देऊ नये. आपल्या भाषेत समजावून मागावे. २०१९ च्या नियमांनी चाचणीत इजा झाल्यास उपचार आणि भरपाईचा हक्क दिला आहे, तो माहीत करून घ्यावा. डॉक्टरांना स्वस्त जेनेरिक पर्याय विचारण्यात लाज बाळगू नये. आणि विद्यापीठांनी पेटंट विकताना गरीब रुग्णाची अट करारात आधीच लिहून ठेवावी. प्रयोगशाळा ज्यांच्या पैशांवर चालते त्यांना एवढे मागण्याचा अधिकार आहे.

परिचराचे नाव पट्टीवर छापले जाणार नाही, आणि त्याने ते मागितलेलेही नाही. त्याचा स्वतःचा मुलगा आजारी पडेल त्या दिवशी, ज्याची भांडी त्याने वर्षानुवर्षे धुतली ते औषध त्याला दहाही दिवसांचे विकत घेता यावे, एवढीच त्याची मागणी असेल. ती पुरी करणे आपल्या हाती आहे.